अकरा नंबर

उद्या नऊला नवी बॅच.
आज रात्री शिकणाऱ्यांची एकोणीस मशिनं, शिकवणाऱ्याचं एक,
आणि मी,
दांडिया बाजारात, फरसाणाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये.
खालच्या कढईतलं तेल
कीबोर्डच्या फटींतही वास ठेवून जातं.

आधी उपासनी सरांचं.
त्याला दोन पडदे, एक टेबलावर, एक भिंतीवर.
भिंतीवरचा जरा उतरता पडतो,
म्हणून प्रोजेक्टरखाली पंचांग घडी करून दिलंय,
गेल्या सालचं. कुणाचा मुहूर्त अडणार नाही.
सरांना एकोणिसांचे पडदे दिसतात:
कोण अडलंय, कोण पत्ते लावतंय.
एकोणिसांना फक्त सरांची भिंत.

मग एक मशीन नीट करायचं,
हॉस्पिटलच्या बिलांचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, तारीख, गुजराती फॉन्ट,
आणि त्याची नक्कल उरलेल्यांवर उतरवायची,
हुशार मुलाची वही उतरवतात तशी, चुकांसकट.
मार्चमध्ये पहिल्याच मशिनात साल चुकलं होतं.
आख्ख्या बॅचने सहा वर्षांपूर्वीची बिलं फाडली,
आणि सगळ्यांची एकमेकांशी जुळली,
म्हणून कुणी बोललं नाही.

जसुभाईंचा फोन: "थई गयुं?"
"थई जशे."
बडोद्यातला मराठी माणूस
वेळेबद्दलचं खोटं गुजरातीत बोलतो.

अजून एक काम राहतं: मशिनांना विसरायला लावणं.
रात्री बंद केलं की विद्यार्थ्याचं मशीन
सकाळी पुन्हा तसंच, जसं मी सोडलं होतं.
जसुभाईंचा नियम. नाहीतर लोक लग्नाचे फोटो भरून ठेवतात.

मागच्या बॅचला अकरा नंबरवर कुमुदिनी खारकर होत्या.
प्रसूतिगृहाच्या काउंटरवर सव्वीस वर्षं,
कार्बन पेपर सरळ लावण्यात हयात गेलेली.
दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं:
"काल मी इथे बावीस जण भरती केले होते. कुठे गेले?"
मी म्हटलं, ते खोटेच होते, मॅडम, सरावापुरते.
"खोटे कसे? नावं मी दिली होती."

मग त्या रोज अर्धा तास लवकर.
मी कुलूप काढेपर्यंत जिन्यात उभ्या, डबा हातात.
रोज बावीस, आठवून आठवून, त्याच खाटांवर:
रेवा सोळंकी, शहनाज पठाण,
इंदुमती मोहिते जिला रक्तदाब,
आणि "हंसाचं बाळ".
दहाव्या दिवशी बाकीचे सर्टिफिकेट धरून फोटो काढत होते,
त्या एकेकीला डिस्चार्ज देत बसल्या.
दोघींना बिलात सूटही दिली.
मी म्हटलं, राहू द्या, रात्री आपोआप पुसतंय सगळं.
"अहो, मग घरी नको पाठवायला?"

आता कंपनीने सरावाला नावं दिलीत:
टेस्ट एक, टेस्ट दोन, टेस्ट तीन.
साडेअकरा वाजलेत. तीन नंबरचा माउस मेलाय,
अकराची केबल कागद कोंबून बसवली.
नक्कल उतरवण्याआधी पहिल्या मशिनात
मी टेस्ट खोडत गेलो, नावं घालत गेलो.
सतरा आठवली. पाच खाटा मोकळ्या सोडल्या.

उद्यापासून कुणी काहीही करो,
रोज सकाळी एकोणीस पडद्यांवर
रेवा असेल, शहनाज असेल,
इंदुमतीचा रक्तदाब तेवढाच,
आणि हंसाचं बाळ.

बारसं बाराव्या दिवशी असतं.
कोर्स दहा दिवसांचा आहे.